जनुकशमन आणि मुखकर्करोगाच्या पेशी

जनुकाला धक्का न लावता त्याचा निरोप वाटेतच तोडणे म्हणजे जनुकशमन. प्रयोगशाळेच्या बोलीत याला ‘नॉकडाउन’ म्हणतात. डीएनए जसाच्या तसा राहतो, पण त्यावरून उतरलेला मेसेंजर आरएनए कापला जातो आणि प्रथिन घटते. घटते, संपत नाही. म्हणून जनुकच कापून टाकणाऱ्या ‘नॉकआउट’शी त्याची गल्लत करू नये. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये सूत्रकृमीत ही यंत्रणा दाखवली आणि 2006 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मानवी पेशींत ती चालते हे 2001 मध्ये सिद्ध झाले. त्यासाठी सुमारे 21 न्यूक्लिओटाइडांचे (आरएनएच्या एककांचे) दुपदरी तुकडे, म्हणजे एसआयआरएनए, वापरले गेले. पेशीत शिरल्यावर या तुकड्याचा एक पदर अर्गोनॉट-2 या प्रथिनाला वाट दाखवतो आणि ते जुळणारा आरएनए कापते.

नागपुरात हा विषय पुस्तकी नाही. पन्नीवर घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, गालात तासन्‌तास धरला जातो. त्यामुळे गालाचे अस्तर आणि हिरडी यांच्या बेचक्यातला कर्करोग इथल्या डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. प्रयोगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एचएससी-3, कॅल-27, एससीसी-9 आणि एससीसी-25 या सेल लाइन्स (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) मात्र जिभेच्या कर्करोगातून आलेल्या आहेत. त्यांच्यावर मिळालेले उत्तर खर्ऱ्याच्या गालाला जसेच्या तसे लावता येत नाही. हिरडी-गालाच्या भारतीय गाठींच्या 2013 मधील जनुकीय अभ्यासात टीपी53, एफएटी1, कॅस्पेस-8, एचआरएएस आणि नॉच1 या जनुकांत वारंवार बिघाड आढळला. यांतली काही जनुके आधीच निकामी झालेली असतात. त्यांचे शमन करून पेशी मंदावेल अशी अपेक्षा धरणे म्हणजे ब्रेक काढून गाडी थांबवायला बघणे.

प्रयोगासाठी सहा वेलच्या (खोलग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला साधारण दीड ते दोन लाख पेशी लावतात. दुसऱ्या दिवशी तळ 30 ते 50 टक्के भरलेला असावा. 2 मिलिलिटर पोषक माध्यमात 20 नॅनोमोलर इतकी संहती हवी असेल तर 20 मायक्रोमोलर साठ्यातून 2 मायक्रोलिटर एसआयआरएनए पुरतो. तो आणि त्याला पेशीत नेणारा लिपिड अभिकर्मक सीरम (रक्तातला पोषक द्रव) नसलेल्या माध्यमात वेगवेगळे विरळ करून एकत्र करतात, अभिकर्मकाच्या सूचनेइतका वेळ थांबतात आणि थेंब थेंब सोडतात. या वेळी माध्यमात अँटिबायोटिक नको: लिपिडामुळे तेही पेशीत जास्त शिरते आणि पेशी मरतात. मग ते मरण जनुकाच्या नावावर जमा होते. आरएनए 24 ते 48 तासांनी, तर प्रथिन 48 ते 72 तासांनी तपासतात. सायक्लिन-डी1 हे विभाजनाला चालना देणारे प्रथिन अर्ध्या तासाच्या आसपास निम्मे होते, म्हणून ते लवकर दिसेनासे होते. ईजीएफआर हा वाढीचे संकेत घेणारा ग्राहक पेशीपृष्ठावर बराच टिकतो, म्हणून आरएनए पडला तरी वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन-चाचणीवरची पट्टी दुसऱ्या दिवशी तशीच असू शकते. दीर्घकाळ शमन हवे असेल तर लेंटिव्हायरस या वाहक विषाणूमधून शॉर्ट हेअरपिन आरएनए (पेशीतच एसआयआरएनए बनवणारा दुमडलेला आरएनए) घालून प्युरोमायसिन या अँटिबायोटिकवर तगणाऱ्या पेशी निवडतात. त्याला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते.

वाढ मोजायला एमटीटी चाचणी सोपी. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या द्रव्याचे जांभळे स्फटिक करतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून 570 नॅनोमीटरला वाचतात. पण ही चाचणी चयापचय मोजते, पेशींची संख्या नव्हे. खरी कसोटी वसाहतींची, म्हणजे एकेका पेशीपासून पुंजका वाढतो का याची: वेलला 500 ते 1000 पेशी टाकून 10 ते 14 दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवतात. सायक्लिन-डी1 शमवल्यास पेशी विभाजनचक्राच्या सुरुवातीच्या जी1 टप्प्यात अडकतात. सर्व्हायव्हिन हे पेशीला मरणापासून वाचवणारे प्रथिन शमवल्यास त्या मरणाकडे झुकतात.

सर्वाधिक घोळ पेशी पसरण्याच्या मोजणीत होतो. पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने ओरखडा ओढून तो किती भरला हे पाहणे स्वस्त आणि दिसायला छान असते, पण वाढच मंदावली असेल तर ओरखडा तसाही कमी भरतो आणि ‘स्थलांतर घटले’ असा निष्कर्ष फुकटात निघतो. म्हणून सीरम कमी करावे किंवा दोन तास मायटोमायसिन-सी हे औषध देऊन विभाजन थांबवावे, आणि मोजणी 24 तासांच्या आत आटोपावी. आक्रमण पाहायला 8 मायक्रोमीटर छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेल या आधारपटलासारख्या जेलचा थर देतात आणि पेशी तो भेदतात का ते पाहतात. एमएमपी-9 हे विकर आधारपटलातले (अस्तराखालच्या पातळ पडद्यातले) टाइप-4 कोलॅजन तोडते. ते शमवल्यावर वाढ फारशी न बदलताही आक्रमण घटू शकते. स्नेल किंवा ट्विस्ट ही पेशीला भटकी बनवणारी प्रथिने शमवल्यास ई-कॅडेरिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे प्रथिन) परत येण्याची आणि व्हिमेंटिन (भटक्या पेशींची खूण) उतरण्याची अपेक्षा असते. उलट, ई-कॅडेरिनच शमवले तर पेशी सुटतात आणि भटकतात.

एकाच एसआयआरएनएवर विसंबू नये. चुकीच्या आरएनएवरही तो अंशतः बसतो. निदान दोन वेगळे तुकडे, शिवाय तुलनेसाठी लक्ष्य नसलेला तुकडा, म्हणजे नियंत्रक, घ्यावा. शक्य असल्यास एसआयआरएनएमुळे न कापली जाणारी जनुकप्रत घालून मूळ लक्षण परत येते का, तेही पाहावे. मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग आणि सेल लाइनची ओळख तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक अडचण येते: पेशी वाढवायचे साधे सीओ2 इनक्युबेटर फक्त तापवते, थंड करत नाही. खोलीचा एसी बंद पडला आणि पारा चढला की आतले तापमानही ठरलेल्या 37 अंशांच्या वर जाते. उष्णतेने त्रासलेल्या पेशींचा वेग नियंत्रक वेलमध्येही बदलतो. अशी प्लेट टाकून द्यावी.

‘जनुकशमन’ या शब्दाचा दुसरा अर्थही लक्षात ठेवावा. मुखकर्करोगाची पेशी स्वतःच काही जनुके मिथायलेशनने, म्हणजे डीएनएवर रासायनिक खूण लावून, गप्प करते. पेशीविभाजन रोखणारे पी16 हे ठळक उदाहरण. तिथे उपायाची दिशा शमनाची नसून जनुक पुन्हा बोलते करण्याची असते. एसआयआरएनए औषध म्हणून 2018 पासून मिळते, पण त्या यशाचा आधार यकृत आहे, कारण तिथे हे रेणू पोहोचवता येतात. गालातल्या घट्ट गाठीत, लाळ आणि तंतुमय ऊती ओलांडून ते पुरेशा मात्रेत नेणे हा अजून वेगळाच प्रश्न आहे.