कॅथेटर व सेंट्रल लाइनचा जंतुसंसर्ग : लहान रुग्णालयातील प्रतिबंध

मूत्राशयात घातलेली फोलीज कॅथेटर आणि मानेच्या, गळ्याच्या हाडाखालच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन अत्यवस्थ रुग्णाला तारतात. पण जंतूंनाही शरीरात शिरायला तीच वाट मिळते. नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर जमतो आणि त्यात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे उपचारापेक्षा प्रतिबंध कितीतरी सोपा ठरतो. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, म्हणून वीस खाटांच्या रुग्णालयालाही तो जमण्यासारखा आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अतिदक्षता तज्ज्ञ डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी २००१ मध्ये सेंट्रल लाइनसाठी पाच कलमांची यादी वापरात आणली : हात धुणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक हातमोजे घालून रुग्णाला पूर्ण झाकणे, शक्यतो जांघ टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. पुढे मिशिगन राज्यात हीच पद्धत राबवली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०३ अतिदक्षता विभागांतील संसर्गाचा मध्यक दर (सर्व विभागांच्या दरांतला मधला) हजार लाइन-दिवसांमागे २.७ होता (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक लाइन-दिवस), तो तीन महिन्यांत शून्यावर आला. यादीतले एकही कलम नवे नव्हते. कलम चुकले तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार नर्सला मिळाला, हे नवे होते. आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर हेच बहुधा मालक असतात. तिथे सिस्टर आपणहून बोलणार नाहीत. तो अधिकार डॉक्टरांनी स्वतः, सर्वांसमोर द्यायला हवा.

नळी घालताना घेतलेली काळजी नंतरच्या दिवसांत वाया जाऊ शकते. इंजेक्शन देण्यापूर्वी लाइनचे तोंड अल्कोहोल स्वॅबने घासून पुसावे आणि वाळू द्यावे. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉजचे दोन दिवसांनी बदलतात. ओले झाले किंवा सुटले तर लगेच. स्पिरिट किंवा बीटाडीनची बाटली रिकामी न करता, न धुता वरून भरत राहणे धोक्याचे आहे, कारण काही जंतू जंतुनाशक द्रावणातही तग धरतात.

मूत्र-कॅथेटरबाबत खरी चूक बहुतेकदा रुग्ण हलवताना होते. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय किंवा नातेवाईक युरोबॅग उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली असावी. हलवण्यापूर्वी ती रिकामी करावी. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नये. तपासणीचा नमुना पिशवीतून न घेता नळीच्या ठरावीक जागेतून घ्यावा. ताप वा अन्य लक्षणे नसताना केवळ लघवीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविक सहसा द्यायचे नसते. गर्भारपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे अपवाद.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे रोजच्या राउंडला ‘ही नळी आज का हवी?’ असे विचारणे. रुग्णाचे कपडे-चादर ओले होऊ नयेत, एवढ्याच कारणासाठी कॅथेटर ठेवणे समर्थनीय नाही.

नोंदीसाठी रोज ठरावीक वेळी किती रुग्णांना नळी आहे ते मोजतात. त्यांची बेरीज म्हणजे नळी-दिवस. संसर्गांची संख्या त्याने भागून हजाराने गुणली की दर मिळतो. लहान रुग्णालयात एका संसर्गानेही हा दर उसळतो, म्हणून तिथे प्रत्येक संसर्गाचा स्वतंत्र माग काढणे अधिक उपयोगी : नळी कोणी, कुठे, कशी घातली आणि ती कोणत्या दिवशी काढता आली असती.