वील्डन दालनघर

इंग्लंडच्या आग्नेय भागात, मुख्यतः केंट व ससेक्स परगण्यांत, चौदाव्या ते सोळाव्या शतकांत बांधल्या गेलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांचा एक प्रकार. नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांमधील ‘वील्ड’ या एकेकाळच्या अरण्यप्रदेशावरून हे नाव पडले. येथे ओक मुबलक होता आणि स्वतःची जमीन कसणारे शेतकरी सुस्थितीत होते. त्यामुळे सुताराच्या कसबाची इतकी सुंदर घरे साध्या खेड्यांतही उभी राहिली. ससेक्समधील ऑल्फ्रिस्टन गावातील क्लर्जी हाउस आणि मूळचे केंटमधील चिडिंगस्टोनजवळचे बे-लीफ ही दोन घरे पाहिली की हा प्रकार नीट उमगतो.

घराचे भाग तीन. मधोमध जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे दालन आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. टोकांचे वरचे मजले दर्शनी बाजूस खालच्या भिंतीच्या पुढे काढलेले असतात. दालनाला मजलाच नसल्याने त्याची भिंत मागे राहते. छप्पर मात्र तिन्ही भागांवर एकच आणि वळचण एका सरळ रेषेत. साहजिकच दालनासमोर ती अधांतरी येते. दोन्ही बाजूंच्या पुढे आलेल्या मजल्यांपासून निघणारे कमानदार टेकू तिला तोलून धरतात. घर वील्डन आहे हे रस्त्यावरूनच ओळखू येते ते या टेकूंमुळे.

आतली मांडणी मानाप्रमाणे ठरे. दालनाच्या खालच्या टोकाला समोरासमोर दोन दारे आणि त्यांना जोडणारी वाट. तिच्या पलीकडे पेयांची आणि खाद्यपदार्थांची अशा दोन कोठ्या. वरच्या टोकाला घरधन्याचे मेज, त्यामागे खासगी खोली आणि तिच्यावर ‘सोलर’ म्हणजे निजायची खोली.

या साऱ्या रचनेचे मूळ विस्तवात आहे. घराला धुराडे नव्हते. आगटी दालनाच्या जमिनीवरच पेटे आणि धूर छपरात चढून वाट मिळेल तसा बाहेर पडे. दालन छपरापर्यंत मोकळे ठेवणे म्हणूनच भाग होते. खिडक्यांना काचा नसत, लाकडी गज आणि झडपा असत. वाशांवर साचलेली काजळी आजही अभ्यासकांना मोठा पुरावा वाटतो: ती दिसली की खाली मूळचे मोकळे दालन होते हे कळते. सोळाव्या शतकात धुराडी येऊ लागली, धूर वेगळा निघून गेला आणि दालनावर मजला टाकता आला. बहुतेक जुन्या घरांची दालने अशी आडवी विभागली गेली.

सांगाड्यासाठी ओक ओलाच वापरत. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचे टोक तासून तिच्यात बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. चौकटींमधली जागा कुडाने भरून तो माती, गवताचे तुकडे आणि शेण यांच्या मिश्रणाने लिंपत. छपरातील मोठ्या आडव्या तुळईच्या मध्यावर उभा असलेला ‘क्राउन पोस्ट’ हा आखूड खांब मला या घरांतला सर्वांत देखणा भाग वाटतो. आगटीच्या बरोबर वर, सगळ्यांच्या नजरेसमोर तो येत असल्याने सुतार त्यावर हात राखून काम करत नसे.

चर्चशेजारचे क्लर्जी हाउस चौदाव्या शतकातले असून त्याचे छप्पर गवती आहे. दालनाची जमीन खडू कुटून केलेली आणि आंबट दुधाने घट्ट केलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पाडले जाण्याच्या बेतात होते. गावच्या पाद्र्यांनी त्यासाठी धडपड केली आणि १८९६ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने ते १० पौंडांना घेतले. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली इमारत.

बे-लीफचे दालन पंधराव्या शतकाच्या आरंभीचे, तर वरचे टोक सोळाव्या शतकाच्या आरंभी जोडलेले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाउ बीच जलाशयाच्या कामामुळे ते मूळ जागेवरून हलवावे लागले. खुंट्या काढून लाकूड सुटे करता येत असल्यानेच हे शक्य झाले. पुढे ते वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलंड खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारले गेले. आत सुमारे १५४० च्या काळातील सामानसुमानाची मांडणी आहे. उभारणी करताना नंतरच्या शतकांतले फेरफार गाळले गेले. त्यामुळे मोकळे दालन अनुभवता येते, पण पुढच्या पिढ्यांनी घर आपल्या सोयीने कसे बदलले ते तिथे दिसत नाही. त्यासाठी केंटमधली अजून वस्तीत असलेली वील्डन घरे पाहावी लागतात.