पाळी चुकायच्या आधीची गोळी

लग्नाला दोन वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की घरच्यांची पावलं आधी मेडिकलकडे वळतात. परभणी काय नि लातूर काय, ताकदीच्या गोळ्यांना तोटा नाही. हल्ली नवऱ्यासाठीही झिंक आणि फॉलिक ॲसिड खपतं. त्याचा निकाल मात्र लागलेला आहे. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेली चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. सहा महिने गोळ्या घेऊनही ना शुक्राणू सुधारले, ना जास्त मुलं जन्मली. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या.

बाईला फॉलिक ॲसिड खरंच लागतं, पण ते दिवस राहावेत म्हणून नव्हे, बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी. गर्भाच्या पाठीवरच्या पेशींचा पातळ थर दोन्ही कडांनी वर उचलला जातो आणि करंजी मिटावी तशा त्या कडा जुळून नळी बनते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. या काळात पेशी भराभर वाढतात, प्रत्येकीला नवा डीएनए लागतो आणि तो घडवायला फोलेट हवं; फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. फट राहिली तर मूल उघड्या मणक्याचं जन्मतं, कधी कवटीच बनत नाही. असं मूल आधी झालेल्या बायकांना रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर तोच दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं, हे 1991 साली सिद्ध झालं.

अडचण वेळेची आहे. नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आशाताईंच्या वहीत नाव चढेस्तोवर काम उरकलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं, की तेव्हापासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत. बीड-धाराशिवकडची जोडपी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, कित्येकींना दिवस फडावरच जातात. माझ्या मते त्यांना गोळ्या गाव सोडतानाच मिळायला हव्यात. आधी दोष असलेलं मूल झालं असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल, तर डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

माळकरी घरांत आणखी एक पेच असतो. बी-12 शाकाहारात मुख्यतः दुधातून मिळतं, आणि दूध जातं डेअरीला; घरात चहापुरतं उरतं. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांची हानी मात्र चालूच राहते. रक्त तपासून घेतलेलं बरं. उलट अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे दोन-तीन टॉनिकं एकदम नकोत.

चौथ्या महिन्यापासून सरकारी लाल गोळी, रोज एक, 180 दिवस: 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलं तर जास्त लागतं. गोळीने शौचाला काळं होतं, ते न शोषलेल्या लोहामुळे. बाळ त्याने काळं होत नाही.