मूळ नमुन्याला हात लावण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘एकाच ग्राहकाची पैसे भरण्याची मुदत वाढवली होती, मग सगळ्यांची कशी वाढली?’ असा फोन आम्हाला वारंवार येतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: बदल त्या ग्राहकाच्या करारात न होता, ज्यावरून सगळे करार तयार होतात त्या मूळ नमुन्यात झालेला असतो.

तुमच्या व्यवसायाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्याच्या मांडणीत, आम्ही दोन पद्धती एकत्र वापरतो. करार, बीजक, पुरवठादार यांची चौकट क्लासमधून, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यातून, येते. कोणती फील्ड (माहिती भरायचे रकाने) हवीच आणि कोणता नियम मोडता येणार नाही, हे तिथे ठरतं. त्या चौकटीतले प्रत्यक्ष करार मात्र प्रोटोटाइपवरून, म्हणजे नमुन्यावरून तयार होतात. करारात एखादी गोष्ट तुम्ही भरली नसेल, तर ती दर वेळी नमुन्यातून वाचली जाते. त्यामुळे नमुन्यात मुदत ३० ची ४५ दिवस केली, की ती वेगळी न भरलेल्या प्रत्येक करारात ४५ दिसते. नंतर नमुना पुन्हा ३० वर आणला तरी मधल्या काळात गेलेली बीजकं एकेक करून तपासावी लागतात. खरा वेळ तिथे जातो. अपवाद एकाच ग्राहकाचा असेल, तर त्याचाच करार उघडून त्यात मुदत भरा. बाकीचे करार जागचे हलणार नाहीत.

‘मग सरळ कॉपीच का देत नाही?’ कॉपीचा मूळ नमुन्याशी संबंध तुटतो. उद्या कराचा दर बदलला, की प्रत्येक प्रत शोधून दुरुस्त करायची. आणि प्रत्येक अपवादाला नवा क्लास केला, तर एकेका करारापुरत्या क्लासची रांग लागते, अहवालांची बेरीज जुळेनाशी होते. हा मेळ आमच्या डोक्यातून निघालेला नाही. क्लास १९६० च्या दशकात सिम्युला या प्रोग्रॅमिंग भाषेतून आले, नमुन्यांची बाजू १९८० च्या दशकात सेल्फ या भाषेने ठामपणे मांडली. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत २०१५ पासून क्लास लिहिता येतात, पण आतून ती आजही नमुन्यांवरच चालते.

तोच अपवाद पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि त्याला स्वतःचं फील्ड किंवा मंजुरीचा वेगळा टप्पा लागला, तर आम्हाला कळवा. तेव्हा क्लास करणंच योग्य, आणि देखभाल करार असलेल्या ग्राहकांसोबत आम्ही ते बसून ठरवतो. नमुना बदलायचाच असेल, तर त्यावर कोणते करार अवलंबून आहेत याची यादी आधी आमच्याकडून मागून घ्या.