वृद्धाश्रमविषयक आकडेवारी, मुंबई

वृद्धाश्रम, शुश्रूषाकेंद्रे व तत्सम ठिकाणी दीर्घकाळ राहणाऱ्या ज्येष्ठांविषयी सार्वजनिक नोंदींतून मिळणारी माहिती. मुंबईत ती विखुरलेली आहे. न्यास म्हणून नोंद धर्मादाय आयुक्तांकडे, अनुदानाची सामाजिक न्याय विभागाकडे आणि रुग्णखाटांची महानगरपालिकेकडे. भाड्याच्या फ्लॅटात चालणारे खासगी केंद्र या तिन्हींतून सुटू शकते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या 2007 च्या अधिनियमातील कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम अपेक्षितो. खासगी आश्रमांच्या सक्तीच्या नोंदणीची तरतूद त्यात नाही. ती 2019 च्या दुरुस्ती विधेयकात होती. सतराव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत, म्हणजे आपोआप बाद, झाले.

खरा पेच व्याख्येचा आहे: आश्रमाला शुश्रूषागृह मानायचे का? मानले, तर त्याला नोंदणी लागते. शुश्रूषागृह नोंदणीच्या 1949 च्या अधिनियमानुसार आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे शुश्रूषागृह. ‘दुर्बलता’ या शब्दावर भर दिला, तर अंथरुणाला खिळलेल्या आजीआजोबांना सांभाळणारा आश्रमही त्यात बसतो. ‘उपचार’ या शब्दावर भर दिला, तर बसत नाही. ‘उपचार व शुश्रूषा’ अशी जोड असल्याने केवळ निवास व जेवण देणाऱ्या आश्रमाला ही व्याख्या लावणे ओढूनताणून वाटते. मात्र जिथे नळीने अन्न दिले जाते, लघवीची नळी बदलली जाते, जखमा बांधल्या जातात आणि डॉक्टरांची नियमित फेरी असते, तिथे पहिला अर्थच अधिक सयुक्तिक ठरतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवणाऱ्या केंद्रांबाबत 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचाही विचार करावा लागतो.

जनगणनेत एका स्वयंपाकघरातून जेवणारे, परस्परांशी नाते नसलेले रहिवासी ‘संस्थात्मक कुटुंब’ ठरतात. वसतिगृह, तुरुंग व आश्रम हे सारे त्या एकाच वर्गात येतात. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरील सुमारे 72,000 व्यक्तींची दीर्घकालीन पाहणी सुरू केली, पण तिचा नमुना घरांतून निवडलेला. परावलंबन वाढल्यामुळे घर सोडावे लागलेली व्यक्ती अशा नमुन्यात येत नाही, आणि वार्धक्यातील परावलंबनाचे चित्र आहे त्यापेक्षा सौम्य दिसते.

‘भारतात 728 वृद्धाश्रम’ हा आकडा अजूनही लेखांतून फिरतो. तो बहुधा ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या हेल्पएज इंडिया या संस्थेच्या जुन्या सूचीवरून आला असावा. त्यातही सविस्तर माहिती 547 आश्रमांचीच होती, ही अट उद्धृत करताना गळून पडते.

भूगोलाची अडचण वेगळी. जागेच्या किमतीमुळे मुंबईकरांचे अनेक आश्रम वसई, बदलापूर, पनवेल, कर्जत या पट्ट्यात आहेत. दादर किंवा गिरगावातून तिथे गेलेली व्यक्ती मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांच्या हिशेबातून बाहेर पडते. शिवाय 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाल्याने वसईचे आश्रम जुन्या सूचीत ठाण्याखाली, नव्या सूचीत पालघरखाली येतात. जिल्हावार तुलना करताना हे ध्यानात न घेतल्यास ठाण्यातील आश्रम घटल्याचा भास होतो. म्हणून खाटांपेक्षा व्यक्ती हे मोजणीचे एकक धरणे इष्ट: वय, लिंग, पूर्वीचा वॉर्ड, खर्च कोण उचलते, स्वतः चालता-जेवता येते का, आणि आश्रम सोडला तो घरी जाण्यासाठी, रुग्णालयासाठी की मृत्यूमुळे. नावे वगळून एवढे जाहीर झाले, तरी आईसाठी जागा शोधत दारोदार फिरणाऱ्या मुलीला कोणता आश्रम कशा अवस्थेतील ज्येष्ठांना सांभाळतो ते कळेल.

यातील शेवटच्या बाबीला, म्हणजे आश्रमातील मृत्यूंच्या मोजणीला, जन्म-मृत्यू नोंदणीचा आधार मिळू शकतो. 1969 च्या अधिनियमाच्या कलम 8 मध्ये मृत्यूची खबर देण्यास बांधील व्यक्ती सांगताना रुग्णालय, तुरुंग, धर्मशाळा, वसतिगृह, अगदी ताडीचे दुकानही नावाने येते. वृद्धाश्रमाचे नाव त्या यादीत नाही.