बिंदुनामावली

भारतात सरकारी नोकरीतले आरक्षण प्रत्यक्ष पदांवर उतरवण्यासाठी ठेवली जाणारी नोंदवही, बोलीभाषेत ‘रोस्टर’. आरक्षणाची टक्केवारी कायद्याने ठरते, पण नेमके कोणते पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे या वहीवरून कळते. म्हणूनच आरक्षणाच्या तात्त्विक वादांइतकेच तिच्या रकान्यांवरूनही खटले झाले आहेत.

बिंदू म्हणजे या वहीतला पदाचा अनुक्रमांक. तो काढायचा हिशोब साधा आहे. केंद्राच्या खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या अखिल भारतीय भरतीत इतर मागासवर्गाला २७ टक्के, म्हणजे सुमारे ३.७ पदांमागे एक जागा मिळते. ती चौथ्या बिंदूवर पूर्ण होते. याच रीतीने अनुसूचित जातींचा (१५ टक्के) पहिला बिंदू सातवा, आर्थिक दुर्बल घटकांचा (१० टक्के) दहावा आणि अनुसूचित जमातींचा (७.५ टक्के) थेट चौदावा येतो.

पूर्वी हे बिंदू रिक्त जागांवर फिरत. आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पदांना बांधले, आणि २ जुलै १९९७ च्या आदेशाने केंद्राने तशी पद्धत लागू केली. कोटा भरला की नामावली थांबते. पुढे ज्या प्रवर्गाचा कर्मचारी निवृत्त होईल, त्याच प्रवर्गातून त्याची जागा भरायची.

खरी मेख आहे ती मोजणीच्या एककात. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग एकक धरायला सांगितले. तीन अध्यापकांच्या विभागात पहिले तिन्ही बिंदू अराखीव. असे कितीही विभाग असले तरी पहिल्या भरतीत राखीव जागा शून्यच! टक्केवारीला कोणी हातही लावला नव्हता. देशभर निदर्शने झाली आणि २०१९ मध्ये आधी अध्यादेश, मग कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संस्था हेच एकक ठरवण्यात आले.

महाराष्ट्रात नामावली विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. हे काम रखडले की भरतीची जाहिरातही रखडते. महिलांचे ३० टक्के आरक्षण समांतर असल्याने ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजतात. संवर्गात एकच पद असेल तर ते राखीव ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. बाह्ययंत्रणेमार्फत घेतलेले कर्मचारी मंजूर पदांवर नसतात, त्यामुळे त्यांची या वहीत नोंदच होत नाही.