सिस्टिक फायब्रोसिसमधलं पित्ताशय : पार्श्वभूमी

रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडीत सोनोग्राफी करून घेतली आणि पित्ताशय आकसलेलं दिसलं, तर डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘सकाळी काही खाल्लंत का?’ पेज किंवा दुधाचा चहा घेतला असेल तर ते आकसणारच. पण छाती सारखी भरणाऱ्या, अंग न धरणाऱ्या मुलाचं पित्ताशय उपाशीपोटीही बोटाच्या पेराएवढंच दिसत असेल, तर सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे अंगातले स्राव घट्ट-चिकट करून फुप्फुसं, स्वादुपिंड बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, विचार व्हायला हवा.

या आजाराचं सविस्तर वर्णन न्यूयॉर्कच्या डॉ. डॉरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये शवविच्छेदनांवरून केलं. त्यांचा भर स्वादुपिंडावर होता. पुढे लक्ष फुप्फुसांकडे गेलं, आणि पित्ताशय मागे पडलं. त्या काळी बरीचशी मुलं लहानपणीच दगावत. पित्ताशयात खडे व्हायला लागणारं आयुष्यच त्यांच्या वाट्याला येत नव्हतं.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने गळून दवाखान्यात आणलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं बरीच निघाली. त्यावरून घामातल्या जास्तीच्या मिठाचा शोध १९५३ मध्ये लागला आणि पुढे घामाची चाचणी रूढ झाली. कोकणात मे महिन्यात सगळ्यांच्याच अंगावर मीठ फुटतं. त्यामुळे ‘पोराचा मुका घेतला की खारट लागतो’ हे आईचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. ते घ्यायला हवं.

१९८९ मध्ये दोषी जनुक सापडलं, आणि पित्ताशयाचं कोडं उलगडू लागलं. हे जनुक ज्या प्रथिनाचं, ते पित्तनलिकांच्या आणि पित्ताशयाच्या अस्तरात क्लोराइड व बायकार्बोनेट बाहेर सोडतं, त्यामागून पाणी येतं. ते बिघडलं की चिकट स्राव साचतो, पित्ताशयाची नळी तुंबते आणि पिशवी लहानपणापासूनच खुरटते. त्यात एरवी नारळाच्या वाटपाची आमटी पोटात गेली, की पचलेल्या स्निग्धांशामुळे आतड्यातून इशारा मिळतो आणि पित्ताशय पित्त सोडतं. स्वादुपिंडाचे पाचकरसच नसतील तर हा इशाराही क्षीण होतो.

खड्यांबद्दल मात्र बराच काळ चुकीचा समज होता. ते कोलेस्टेरॉलचे असतील असं धरून विरघळवणारं औषध दिलं जाई, पण ते लागू पडत नसे. १९९१ मध्ये इटलीतल्या अभ्यासात दिसलं, की हे खडे बहुतांशी कोलेस्टेरॉलचे नसतातच. त्रास नसेल तर त्यांना हात लावत नाहीत. उजव्या बरगडीखाली कळा येत असतील तर पित्ताशय काढतात, पण भूल देण्याआधी छाती मोकळी करून घ्यावी लागते. अशा कळांवर घरोघरी कोकमाचं आगळ दिलं जातं आणि तपासणी लांबते.

भारतात हा आजार नाहीच, असं कित्येक वर्षं मानलं जाई. इथली पहिली नोंद १९६८ ची. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीने मूळ प्रथिनाचंच काम सुधारतं. ती सुरू केल्यावर काही रुग्णांना पित्ताशयाच्या कळा आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून गोळी सुरू करण्याआधी यकृताच्या तपासण्यांसोबत उपाशीपोटी सोनोग्राफीही करून ठेवलेली बरी.